नागावचं घर: पाहुण्यांच्या हातून बिघडलेली यंत्रं आणि डिपॉझिटचा हिशोब

अलिबागजवळ नागावला आमचं घर आहे. शनिवार-रविवार आणि सुट्ट्यांना ते भाड्याने देतो. मी ठाण्यात राहते, घराची देखभाल मामा-मामी करतात. कोकणात अशी घरं देणाऱ्या बऱ्याच जणांचा प्रश्न एकच असतो: फ्रीज, मशीन, शेगडी बिघडली तर पैसे कोणाचे आणि ते मागायचे कसे? दिवाळीनंतर एकाच गटानंतर तीन वस्तू बिघडलेल्या मिळाल्या, तेव्हापासून या नोंदी ठेवल्या आहेत.

२७ ऑक्टोबर २०२५, सोमवार

भाऊबीजेपासून रविवारपर्यंत डोंबिवलीचा एक मोठा गट होता. सकाळी मामांचा फोन आला. "ताई, फ्रीज गार होत नाय. मशीनमधी पाणी तसाच हाय. शेगडीची काचपन तडकलेली हाय."

आधी फ्रीजचा प्लग काढायला सांगितलं. गॅस गळत असेल तर फ्रीज चालू ठेवणं वाईट. आमच्या फ्रीजमधला गॅस आर ६०० ए, म्हणजे आयसोब्युटेन. फ्रीज चालू असताना या गॅसचा फ्रीजरमधला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो, त्यामुळे भोक पडलं की गॅस बाहेर जायच्या ऐवजी हवा आणि दमट वाफ आत ओढली जाते. कॉम्प्रेसर न थांबता धावत राहतो आणि पाइपांत पाणी शिरतं. नागावसारख्या समुद्राकाठच्या हवेत तर ते लवकर होतं.

दुसरं, काहीही पुसायचं-आवरायचं नाही असं सांगितलं. मामींना ओटा तसाच ठेवणं जिवावर आलं होतं, पण व्हिडिओ होईपर्यंत थांबल्या. फ्रीजरमध्ये बर्फाचे तुकडे, ट्रेशेजारी स्वयंपाकघरातली टोकदार सुरी. इंडक्शन शेगडी ओट्यावर नव्हती, पडवीत होती, एक्स्टेन्शन बोर्डाला लावलेली. बोर्डाचं प्लॅस्टिक वितळून प्लगला चिकटलेलं. हे आधी आवरलं असतं तर शेगडी पडवीत कशी गेली ते कोणालाच सांगता आलं नसतं.

पुढचं बुकिंग शुक्रवारी, ३१ तारखेला. डिपॉझिटचे ५,००० माझ्याकडे आहेत. गटप्रमुखाला आज एवढंच कळवलं: "घर तपासतोय, काही वस्तू बंद आहेत, मेकॅनिकने पाहिल्यावर बिलासह कळवते." रक्कम लिहिली नाही. कारण कळायच्या आधी आकडा सांगितला की पुढचं सगळं बोलणं त्या आकड्यावर अडकतं.

२८ ऑक्टोबर, मंगळवार

पहिला मेकॅनिक आला, पाच मिनिटांत म्हणाला, "गॅस भरून देतो, दोन महिने चालेल." नको म्हटलं. भोक न बुजवता भरलेला गॅस पुन्हा निघून जाणार आणि त्याचे पैसे पाहुण्याकडून मागणं गैर. त्यात अर्धा दिवस गेला.

दुपारी पोयनाडहून दुसरे आले. त्यांनी बर्फ पूर्ण वितळू दिला, फ्रीजरच्या तळाला साबणाचं पाणी लावलं आणि भोक दाखवलं. सुरीच्या टोकाएवढं.

ज्यांच्याकडे एका दाराचा, बर्फ धरणारा फ्रीज आहे त्यांनी हे समजून घ्यावं. या फ्रीजमध्ये फ्रीजरचा डबा हाच गॅस फिरण्याचा भाग असतो. ॲल्युमिनियमचे दोन पातळ पत्रे एकत्र दाबलेले असतात आणि त्यांच्या मधल्या वाटांतून गॅस फिरतो. बर्फाचा ट्रे चिकटला म्हणून सुरी घातली की ती थेट त्या वाटेत जाते. दोन दारांच्या फ्रॉस्ट फ्री फ्रीजमध्ये हा भाग प्लॅस्टिकच्या आवरणामागे असतो, तिथे सुरी पोहोचत नाही.

भोक दोन प्रकारे बुजवता येतं: ॲल्युमिनियमच्या सळईने ज्योत लावून, किंवा दोन भाग मिसळून लावायच्या इपॉक्सीने. आयसोब्युटेन ज्वलनशील आहे आणि डब्याच्या मागे फोम आहे, म्हणून मेकॅनिकांनी इपॉक्सी निवडलं. फ्रीज पडवीत नेला, उरलेला गॅस उघड्यावर सोडला, जागा घासून कोरडी केली, लेप लावला आणि रात्रभर वाळायला ठेवला. कोणी घरात, दारं-खिडक्या बंद ठेवून आर ६०० एच्या फ्रीजला ज्योत लावायला निघालं तर त्याला थांबवा. कोणता गॅस आहे आणि किती, ते फ्रीजच्या मागच्या पाटीवर लिहिलेलं असतं.

२९ ऑक्टोबर, बुधवार

नायट्रोजन भरून दाब टिकतो का ते पाहिलं. काटा हलला नाही. मग फिल्टर बदलला, व्हॅक्यूम पंप बराच वेळ चालवला आणि गॅस वजन करून भरला. या गॅसचं प्रमाण काही ग्रॅमांतच असतं, त्यामुळे अंदाजाने भरून चालत नाही.

बिल ३,४००. मेकॅनिकांना बिलावर तीन गोष्टी लिहायला सांगितल्या: फ्रीजचा सिरियल नंबर, तारीख आणि "फ्रीजरच्या तळाला टोकदार वस्तूने भोक". "गॅस चार्जिंग" एवढंच लिहिलेलं बिल पाहुण्याला काहीच सांगत नाही. गॅस जुनाट गळतीनेही जातो. कारण लिहून द्यायला सगळे मेकॅनिक तयार नसतात, म्हणून काम देण्याआधीच विचारून घ्यावं.

वॉशिंग मशीनचं कामही आजच झालं. पुढच्या दाराचं मशीन आहे. खालच्या कोपऱ्यातलं झाकण उघडून छोट्या नळीने पाणी परातीत काढलं, मग फिल्टर फिरवून बाहेर घेतला. आत वाळू, केसांची पिन, एक नाणं आणि लहान मुलाचा मोजा. साफ करूनही पंप नुसता घुंघुं करत राहिला, पाणी बाहेर टाकेना. पंख्याची पाती तुटली होती. नवा ड्रेन पंप आणि मजुरी मिळून १,४५०.

मामांचं म्हणणं, हेही डिपॉझिटमधून कापा. मला ते पटलं नाही. मोजा या गटाचा असेल, त्यांच्यात लहान मुलं होती. पण वाळू एका गटाची नाही. नागावच्या किनाऱ्यावरून आलेले टॉवेल आणि चड्ड्या प्रत्येक जण या मशीनमध्ये टाकतो आणि पावसाळ्यानंतर फिल्टर उघडलेलाच नव्हता. पंप नेमका कशाने गेला हे दाखवता येत नाही, म्हणून हा खर्च घराचा. याच कसोटीवर मी प्रत्येक वस्तू लावणार आहे: या पाहुण्याने, या मुक्कामात, या कृतीने बिघडलं हे दाखवता आलं तरच पैसे मागायचे. उरलेली ती झीज, आणि झिजेचे पैसे भाड्यात आधीच आलेले असतात.

३० ऑक्टोबर, गुरुवार

शेगडी. इंडक्शन २,००० वॅटची आहे. २३० व्होल्टला ती साधारण ८.७ अँपिअर ओढते. स्वयंपाकघरात तिच्यासाठी १६ अँपिअरचा वेगळा पॉइंट आहे. पाहुण्यांनी ती पडवीत नेऊन ६ अँपिअरच्या एक्स्टेन्शन बोर्डाला लावली, कारण चिंबोऱ्यांचा वास घरात नको होता. बोर्ड वितळला तरी एमसीबी (जास्त वीज ओढली की आपोआप पडणारा स्विच) पडला नाही, कारण एमसीबी भिंतीतल्या वायरीच्या हिशोबाने बसवलेला असतो. स्वस्त बोर्डाची बारीक वायर तो वाचवत नाही. आग लागली नाही हे सुदैव, आणि या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत जास्त धडकी याचीच भरली.

काच जड पातेलं आपटल्याने तडकली आहे. एका कोपऱ्यातून तीन रेघा निघाल्यात. तडकलेल्या काचेची शेगडी "चालतेय ना" म्हणून वापरू नका. उतू गेलेलं पाणी त्या चिरेतून थेट सर्किटवर जातं. नवी काच आणि बसवायची मजुरी १,१००, नवा बोर्ड ३५०.

किती मागायचं यासाठी एक पद्धत ठरवली. आयकरात यंत्रसामग्रीचा घसारा, म्हणजे वापराने होणारी किमतीतली घट, उरलेल्या किमतीवर वर्षाला १५ टक्के धरतात, तोच आकडा घेतला. पाहुण्याला तो मनमानी वाटत नाही. शेगडी २०२३ साली २,६०० ला घेतली होती. दोन वर्षांच्या घसाऱ्यानंतर तिची किंमत साधारण १,८८० उरते. दुरुस्ती त्याहून स्वस्त, म्हणून दुरुस्तीचा खर्च मागायचा. दुरुस्ती महाग असती तर १,८८० च्या वर एक रुपयाही मागितला नसता. फ्रीज २०२१ चा, १५,००० चा. त्याची उरलेली किंमत ७,८०० च्या आसपास, दुरुस्ती ३,४००, म्हणजे तिथेही दुरुस्तीच.

फ्रीज काल रात्रीपासून चालू आहे. तरी उद्याच्या पाहुण्यांसाठी मामांनी मासळीवाल्यांकडून थर्माकोलचा खोका आणून ठेवलाय. बर्फाची लादी अलिबागला मिळते. फ्रीजवर पूर्ण भरवसा बसेपर्यंत हा खोका घरातच राहील.

१ नोव्हेंबर, शनिवार

गटप्रमुखाशी फोन. आधी व्हॉट्सॲपवर तिन्ही बिलं, फोटो आणि व्हिडिओ पाठवले, वर लिहिलं की मशीनचा खर्च आम्ही घेतोय, फक्त फ्रीज, काच आणि बोर्ड याबद्दल बोलायचंय. मशीनचा उल्लेख मुद्दाम केला. आपण सरसकट कापाकापी करत नाही हे समोरच्याला आधी कळलं की तो ऐकून घेतो.

काच आणि बोर्ड त्यांनी लगेच मान्य केले. फ्रीजवर अडले. "मॅडम, आम्ही आलो तेव्हाच फ्रीजर बर्फाने गच्च होता. ट्रे निघतच नव्हता. पोरांनी सुरी घातली हे खरं, पण ट्रे निघाला असता तर घातली असती का?"

मी मामांचा २३ तारखेचा व्हिडिओ पुन्हा पाहिला, पाहुणे यायच्या आधीचा. फ्रीजरच्या कडांना दोन बोटं जाड बर्फ आहे. पुराव्यासाठी आपणच काढलेला व्हिडिओ त्यांच्या बाजूने बोलत होता. तोच त्यांना पाठवला आणि म्हटलं, "तुमचं बरोबर आहे. बर्फ काढून ठेवणं आमचं काम, सुरी न घालणं तुमचं. अर्धं अर्धं करू."

ते क्षणभर गप्प झाले, मग म्हणाले, "चालेल. आणि तुमची केळफुलाची भाजी मात्र मस्त होती, मामींना सांगा."

३ नोव्हेंबर, सोमवार

हिशोब: फ्रीजचे अर्धे १,७००, काच १,१००, बोर्ड ३५०, एकूण ३,१५०. उरलेले १,८५० यूपीआयने परत केले. बिलांच्या प्रती आणि हिशोबाची एक ओळ सोबत. माझ्या बाजूला फ्रीजचे १,७०० आणि पंपाचे १,४५०, म्हणजे ३,१५०. योगायोगाने दोघांना सारखाच भार पडला.

आमच्या नियमांच्या कागदावर वर्षानुवर्षं एक ओळ होती: "कोणत्याही उपकरणाचे नुकसान झाल्यास रु. ५,००० दंड." आज ती काढली. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७४ प्रमाणे करारात दंडाची रक्कम लिहिली म्हणून ती सगळी मिळत नाही. मिळते ती वाजवी भरपाई, आणि ती लिहिलेल्या रकमेच्या वर जाऊ शकत नाही. म्हणजे लिहिलेला आकडा ही कमाल मर्यादा आहे. १२० रुपयांच्या भागासाठी ५,००० ठेवून घेणारे घरमालक मी पाहिलेत. ते कायद्यातही बसत नाही आणि माणुसकीतही.

१७ नोव्हेंबर, सोमवार

मायक्रोवेव्ह. हे बुकिंग ऑनलाइन ॲपवरून होतं, डिपॉझिट नाही. पाहुणीने निघतानाच मामींना सांगितलं की फॉइलसकट बिर्याणी आत ठेवली, ठिणग्या उडाल्या, आता जळका वास येतोय.

आतल्या उजव्या भिंतीवर पुठ्ठ्यासारखा दिसणारा अभ्रकाचा तुकडा असतो, तो जळाला होता. अभ्रकाचा पत्रा दुकानात मिळतो, आकाराला कापून बसवायचा. १२० रुपयांत काम झालं. जागा आधी नीट पुसली, कारण तिथे तुपाचा थर राहिला तर नवा तुकडाही जळतो. आतला रंग उडून पत्रा उघडा पडला असेल तर मात्र ठिणग्या थांबत नाहीत. मागचं आवरण घरी उघडू नका, प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये विजेचा जीवघेणा दाब शिल्लक असू शकतो.

तिच्याकडून काही घेतलं नाही. जी स्वतःहून सांगते तिच्याकडून १२० रुपये मागितले तर पुढचा पाहुणा सांगणार नाही, आणि न सांगितलेला बिघाड नेहमी महाग पडतो.

ॲपवरून बुकिंग घेणाऱ्यांनी मुदत मात्र पाहून ठेवावी. एअरबीएनबीवर पाहुणा गेल्यापासून १४ दिवसांत नुकसानीची मागणी नोंदवावी लागते, पाहुण्याला उत्तरासाठी २४ तास मिळतात, मग प्रकरण त्यांच्याकडे नेता येतं. साधी झीज त्यात धरत नाहीत. मेकॅनिक आठवडाभर आला नाही तर ही मुदत बघता बघता संपते, म्हणून बिल यायच्या आधी फोटो आणि अंदाजपत्रक तयार ठेवावं.

याच आठवड्यात "मिक्सर जळाला" असाही फोन आला. जळाला नव्हता. ओलं खोबरं कमी पाण्यात वाटल्याने ओव्हरलोड झाला होता. तळाला लाल बटण असतं. दहा-पंधरा मिनिटं थंड होऊ द्यायचा, बटण दाबायचं, चालू होतो. मिक्सरच्या अंगावरच आता हे मराठी आणि हिंदीत चिकटवलंय.

२३ नोव्हेंबर, रविवार

घर रिकामं होतं, बदल करायला मी स्वतः गेले. गेटवेहून मांडव्याची लाँच, पुढे रिक्षा.

फ्रीज बदलायचा विचार सोडला. फ्रॉस्ट फ्री घेतला तर २५,००० च्या आसपास जातील, आणि दुरुस्त केलेला नीट चालतोय. त्याऐवजी दर दोन बुकिंगांमध्ये बर्फ काढणं हे मामींच्या कामात घातलं. थर्मोस्टॅटच्या गोल बटणाच्या मधोमध दाबायचं डिफ्रॉस्ट बटण असतं. ते दाबलं की बर्फ वितळेपर्यंत कॉम्प्रेसर बंद राहतो, नंतर आपोआप चालू होतो. धातूचे ट्रे काढून सिलिकॉनचे आणले, पिळले की बर्फ सुटतो. फ्रीजरच्या दारावर चिठ्ठी: "ट्रे चिकटला तर खालून वाटीभर पाणी लावा. सुरी घालू नका, गॅसचा डबा फुटतो." नुसतं "सुरी वापरू नये" लिहून भागत नाही. डबा फुटतो हे कळलं की माणूस थांबतो.

पडवीत १६ अँपिअरचा पॉइंट काढला, ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, वेगळा एमसीबी. वायरमनचे आणि सामानाचे मिळून २,२००. चिंबोऱ्या आणि बांगडे लोक पडवीतच शिजवणार. त्यांना घरात कोंडण्यापेक्षा पडवीत सुरक्षित जागा देणं सोपं. घरातले एक्स्टेन्शन बोर्ड सगळे काढून टाकले.

फाटकाजवळ वाडीच्या पाण्याचा नळ, खाली जांभा, शेजारी दोरी. वाळूचे कपडे आधी तिथे हिसळायचे. मशीन आता मामीच लावतात, पाहुण्यांनी कपडे टोपलीत टाकायचे. यावर एक-दोन जण नाराज होतील. होऊ देत. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी मामा फिल्टर उघडतात आणि फोटो टाकतात.

सर्वांत उपयोगी बदल बिनखर्चाचा आहे. पाहुणे यायच्या आधीचा आणि गेल्यानंतरचा व्हिडिओ आता एकाच क्रमाने, प्रत्येक यंत्र चालू करून काढायचा. फ्रीजर उघडा, शेगडीवर पाण्याचं भांडं ठेवून चालू करा, मायक्रोवेव्हमध्ये पाण्याचा कप अर्धा मिनिट, मशीनचं फक्त पाणी काढायचं चक्र, एसी, गीझरचा दिवा. बंद यंत्राचा फोटो कशाचाच पुरावा होत नाही. मामांना आधी कंटाळा आला, पण गेल्या शनिवारी एसीचा रिमोट हरवल्याचं त्यांनी गाडी वाडीतून बाहेर पडायच्या आत पकडलं.

७ डिसेंबर, रविवार

नाताळची बुकिंगं भरली. नियमांच्या कागदावरचा नवा मजकूर इथे देते, ज्यांना हवा त्यांनी घ्यावा:

"घरातली यंत्रं तुम्ही आल्यावर मामांबरोबर चालू करून पाहा. काही बंद दिसलं तर तेव्हाच सांगा. राहताना काही बिघडलं तर लगेच सांगा, लपवू नका, आधी दुरुस्तीचं पाहू. तुमच्या हातून मोडलेल्या वस्तूच्या दुरुस्तीचा प्रत्यक्ष खर्च, बिलासह, डिपॉझिटमधून घेऊ. वस्तूच्या घसारा वजा जाता किमतीपेक्षा तो कधीच जास्त नसेल. वापराने होणारी झीज आमची. उरलेलं डिपॉझिट तीन दिवसांत परत."

"लगेच सांगा" ही ओळ मामींच्या सांगण्यावरून वर घेतली. त्या म्हणाल्या, लोक पैशाला घाबरून गप्प बसतात, मग आपल्याला दुसऱ्या दिवशी कळतं.

बाकी राहिलेली दोन कामं. घराच्या विम्यात भाड्याने देण्याचा उल्लेख नाही. तो कंपनीला लेखी कळवायचा आणि वाढीव हप्ता विचारायचा, नाहीतर मोठी आग लागली तर दावा तिथेच अडू शकतो. आणि नव्या यंत्रांची वॉरंटी कार्डं एकदा बसून वाचायची. घरगुती उपकरणांच्या वॉरंटीत व्यावसायिक वापर बहुधा वगळलेला असतो. दुकानदाराने वॉरंटीच्या भरवशावर महागडं मशीन गळ्यात मारायच्या आधी ती ओळ शोधायची. पुढच्या आठवड्यात मामा गीझरचा ॲनोड रॉड (टाकी गंजू नये म्हणून आत बसवलेली सळई) उघडून बघणार आहेत. वाडीच्या विहिरीचं पाणी जड आहे आणि तो रॉड बसवल्यापासून कोणी पाहिलेला नाही. त्याचे पैसे पाहुण्याचे नाहीत, घराचेच.